कोरियन स्वर म्हणायला शिकताना: कान नंतर, आधी ओठ

सई_कर्वेनगर

गेली काही वर्षं मी संध्याकाळी नवशिक्यांना कोरियन शिकवते. कॉलेजची मुलं येतात, रांजणगाव-तळेगावकडचे इंजिनियर येतात, मालिका बघून गोडी लागलेल्या काकू येतात. हांगुल लिपी थोड्या दिवसांत वाचता येते ही गोष्ट खरी आहे. पण वाचता येणं वेगळं आणि म्हणता येणं वेगळं. मराठी माणसाचं अडतं ते बहुतेक वेळा स्वरांशी, आणि त्यातही फक्त दोन स्वरांशी. म्हणून हा धागा. व्यंजनांचा विषय मोठा आहे, तो इथे नको, नाहीतर सगळंच अर्धवट राहील.

आधी एक सोय करून ठेवते. बऱ्याच जणांच्या फोनवर हांगुल अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटतात. त्यामुळे मी अक्षरं न टाकता त्यांची चित्रं शब्दांत सांगते. कोरियन स्वर दोनच रेघांवर उभे आहेत, एक उभी आणि एक आडवी. त्या रेघेला छोटी काडी कुठे चिकटली आहे त्यावरून स्वर ठरतो.

उभ्या रेघेला उजवीकडे काडी: आ.
आडव्या रेघेवर काडी: ओ.
आडव्या रेघेखाली काडी: उ.
नुसती उभी रेघ: ई.
उभ्या रेघेला डावीकडे काडी: हा पहिला अवघड स्वर. यापुढे याला 'डावी काडी' म्हणू.
नुसती आडवी रेघ: हा दुसरा अवघड स्वर. याला 'आडवी रेघ' म्हणू.

एका काडीच्या दोन केल्या की आधी य येतो: या, यो, यू आणि डाव्या काडीचा य. झाले 10 मूळ स्वर. त्यांच्या जोड्यांतून आणखी 11 होतात, एकूण 21. हा आकडा ऐकून दडपून जाऊ नका. आ, ई, ए, ओ, उ आपल्याकडे आहेतच. खरी मेहनत त्या दोघांवरच.

आता मुद्द्याचं. मराठीत ओठांचा गोल जिभेच्या मागे मागे येतो. जीभ मागे गेली की ओठ आपोआप गोल होतात: उ, ओ, ऑ. जीभ पुढे आली की ओठ पसरतात: ई, ए. कोरियनमध्ये ही जोडी तुटते. जीभ मागे आणि ओठ मात्र सैल, असे दोन स्वर तिथे रोज लागतात. हेच ते दोन. सवय जिभेला लावायची नाही, ओठांना लावायची आहे.

आरशासमोर उभं राहा. 'उ' म्हणा आणि तो लांबवत राहा: उऽऽऽ. आवाज न थांबवता दोन्ही तर्जनींनी ओठांचे कोपरे कानांकडे ओढा. जीभ जागची हलू द्यायची नाही. जो आवाज उरतो, काहीसा घोगरा, 'उ' आणि 'इ'च्या मधे कुठेतरी, ती आडवी रेघ. दातांवर दात अलगद टेकलेले असतील, तोंड जेमतेम उघडं असेल. बोटं काढा आणि तोच आवाज बोटांशिवाय काढा. ओठ परत गोल व्हायला धावतील, तेवढं सांभाळा.

आता 'डॉक्टर'मधला ऑ धरा. ऑऽऽऽ. जबडा तसाच खाली, जीभ तशीच मागे, फक्त ओठांचा गोल सोडून द्या, ओठ मऊ आणि सैल. ही डावी काडी.

हे माझं स्वतःचं तंत्र नाही. राजा सेजोंग यांनी 1443 मध्ये ही लिपी तयार केली आणि 1446 मध्ये ती जाहीर झाली. तेव्हा तिच्यासोबत एक स्पष्टीकरणग्रंथही लिहिला गेला, 'हुन्मिन्जॉन्गम हेर्ये'. त्यात स्वरांचं वर्णन असंच केलंय. खालची काडी, म्हणजे उ, ही आडव्या रेघेसारखीच, फक्त तोंड आवळलेलं. डावी काडी ही आडव्या रेघेसारखीच, फक्त तोंड पसरलेलं. पावणेसहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या तोंडाकडे इतकं बारकाईने बघून लिहून ठेवलंय, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि व्यायाम म्हणून तो आजही तसाच्या तसा चालतो: उ म्हणा, ओठ सोडा, आडवी रेघ झाली. तिथूनच जबडा खाली सोडा, डावी काडी झाली. एका श्वासात तीन स्वर.

एकच कळकळीची विनंती. रोमन स्पेलिंगवरून उच्चार शिकू नका. कोरिया सरकारने 2000 साली ठरवलेल्या पद्धतीत डावी काडी 'ई' आणि 'ओ' ही दोन इंग्रजी अक्षरं मिळून लिहितात, आडवी रेघ 'ई' आणि 'यू' मिळून. आवाज प्रत्येकी एकच आहे. पण आपण ते बघतो आणि 'एओ', 'एउ' असं काहीतरी दोन तुकड्यांत म्हणतो. राजधानी सोलचा 'सेऊल' हा उच्चार त्यातलाच. कोरियन माणूस म्हणतो सॉ-उल, पहिला स्वर डावी काडी.

शंका विचारा, सविस्तर बोलू.

पारिजात_९

सईताई, फार उपयोगी लिहिलंत. वाचनखूण साठवली. एक गोंधळ आहे. काही जण सांगतात डावी काडी म्हणजे सरळ आपला 'अ', 'बस'मधला. काही सांगतात ऑ. तुम्ही ऑ वरून निघालात. मग नक्की कुठला?

सई_कर्वेनगर

पारिजात, दोन्ही सांगणाऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कोरियन लोक इंग्रजी 'बस'चा स्वर डाव्या काडीनेच लिहितात, कॉफीचा पहिला स्वरसुद्धा. म्हणजे त्यांच्या कानाला तो 'अ' जवळचा वाटतो. आपला 'अ' म्हटलात तर समोरच्याला कळेल, त्यात शंका नाही. पण आपला 'अ' तोंडाच्या मध्यावर आणि फार आखूड असतो. घाईत बोलताना तो कधी 'आ'कडे घसरतो, कधी विरून जातो. कोरियन डावी काडी जास्त मागे आहे आणि तिला पूर्ण वजन द्यावं लागतं. 'ऑ'वरून निघालं की जीभ आपोआप मागे राहते. म्हणून मी 'ऑ'वरून जाते. उलट, ज्यांना ओठ सैल करणं जमतच नाही त्यांना मी 'अ'वरून नेते आणि म्हणते, आता हा 'अ' घशाकडे ढकला. मुक्काम एकच आहे. पुढे मी लिहिताना 'ऑ' लिहीन, पण प्रत्येक वेळी ओठ सैल आहेत असं धरून वाचा.

दत्ता_शिरूर

मी कोरियन कंपनीत प्रॉडक्शनला आहे. आमच्याकडे हे रोजचं आहे. 'तिकडे' याला ते 'कॉगी' म्हणतात आणि मांसाला 'कोगी'. लाइनवर मशिनच्या आवाजात कोरियन साहेब हात करून 'कॉगी, कॉगी' म्हणतात तेव्हा नवीन पोरांना 'कोगी'च ऐकू येतं. सईताईंचं म्हणणं मला एकदम पटलं, कारण मी त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखतो. ओठ पुढे आले तर कोगी, नाही आले तर कॉगी. कानावर विसंबलो असतो तर आवाजात काही कळलं नसतं.

दुसरं म्हणजे नावं. आपण 'सॅमसंग' म्हणतो, ते 'सामसॉंग' म्हणतात. 'ह्युंदाई' म्हणतो, ते 'ह्यॉन्दे'. सुरुवातीला ते कशाबद्दल बोलतायत हेच समजायचं नाही नव्या माणसाला. आता प्रश्न: 'ह्यॉन्दे'मधला शेवटचा ए हा आपला 'ए' का 'बॅट'मधला 'ॲ'? सरकारी पद्धतीच्या स्पेलिंगमध्ये 'ए' आणि 'ई' अक्षरं आहेत म्हणून विचारतो.

जांभळी_आर्या

दत्तादादांचा प्रश्न माझापण आहे!! उजव्या काडीला एक उभी रेघ जोडली की एक 'ए', आणि डाव्या काडीला जोडली की दुसरा 'ए'. आमच्या ॲपमध्ये पहिला 'ॲ' आणि दुसरा 'ए' असं दिलंय. पण मी बीटीएस या कोरियन बँडच्या मुलाखती कितीही वेळा ऐकल्या तरी मला दोन्ही सारखेच ऐकू येतात. माझे कान खराब आहेत का?

सई_कर्वेनगर

आर्या, तुझे कान उत्तम आहेत. सोलच्या आजच्या बोलीत हे दोन स्वर एकच झालेत. पुस्तकातला नियम अजून दोन वेगळे धरतो, आणि ॲप पुस्तकाप्रमाणे चालतं. पण तिशी-चाळिशीतल्या कोरियन माणसालासुद्धा ऐकून फरक सांगता येत नाही. कुत्रा आणि खेकडा, दोघंही 'के'. वाळू 'मोरे', परवा (येणारा) तोही 'मोरे'. लिहिताना वेगळे, म्हणताना सारखे. तुम्ही दोघांनी आपला 'ए' घ्या आणि तोंड किंचित जास्त उघडा, 'ॲ'पर्यंत जायचं नाही. दोन्हीकडे तोच वापरा. दत्ताभाऊ, 'ह्यॉन्दे'लाही तोच.

यातली गंमत सर्वनामांत आहे. 'मी' (कर्ता) म्हणजे 'नेगा', पहिल्या ए ने, आणि 'तू' म्हणजे पण 'नेगा', दुसऱ्या ए ने. मी आणि तू एकच झाले तर बोलायचं कसं? म्हणून बोलताना लोक दुसऱ्याला 'निगा' म्हणतात. लिहितात 'नेगा', म्हणतात 'निगा'. भाषेने स्वतःच वाट काढली. आणि स्पेलिंग विचारायची वेळ आली की कोरियन लोक 'आ-इ वाला ए का ऑ-इ वाला ए?' असं विचारतात, म्हणजे रेघा आणि काड्या सुट्या करून सांगतात. आपण 'पहिली वेलांटी की दुसरी' विचारतो तसंच.

जांभळी_आर्या

थँक्यू ताई! मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय. अजून एक, बीटीएसचं पूर्ण नाव 'बांगतान सोन्यॉनदान' यात 'सो' आणि 'न्यॉन' लागोपाठ येतात. 'सो'ला ओठ गोल, 'न्यॉन'ला सैल. बरोबर ना?

सई_कर्वेनगर

अगदी बरोबर. इतका चांगला सरावाचा शब्द मी वर्गात दिलेला नाही, आता देईन. 'सो'चा गोल पुढे 'न्यॉन'मध्ये वाहून जातो, तो थांबवायचा.

चेन्नईकर_मराठी

छान चर्चा चालू आहे. माझं आयुष्य चेन्नईत गेलं, त्यामुळे आडव्या रेघेबद्दल एक सांगावंसं वाटतं. तमिळमध्ये शब्दाच्या शेवटचा 'उ' बरेचदा ओठ गोल न करता म्हणतात. 'नाडु' (देश) म्हणताना शेवटी आपला 'डु' येत नाही, ओठ तसेच राहतात आणि आवाज आखूड होतो. तमिळ व्याकरणात या आखूड 'उ'ला कुट्रियलुगरम असं वेगळं नाव आहे. चेन्नईच्या आसपास कोरियन कंपन्या खूप आहेत, त्यामुळे इथे कोरियन शिकणारे बरेच. तमिळ मुलांना आडवी रेघ शब्दाच्या शेवटी फारशी शिकवावी लागत नाही, असं मी पाहिलंय. 'बॉस' (बस) शब्दाच्या शेवटी जी आडवी रेघ येते ती ते सहज म्हणतात. मात्र शब्दाच्या मधे आली की तेही अडखळतात. ज्यांच्या ओळखीत तमिळ बोलणारं कुणी आहे त्यांनी त्यांच्याकडून 'नाडु' चार-पाचदा म्हणवून घ्या आणि तोंडाकडे बघा.

सई_कर्वेनगर

काका, हे फारच मोलाचं. शेवटच्या आडव्या रेघेबद्दल एक पुरवणी: कोरियनला शब्दाच्या शेवटी 'स' सुटा म्हणता येत नाही, म्हणून परक्या शब्दांच्या शेवटी ही रेघ आधार म्हणून येते. आपण मराठी लोक नेमकं ती गाळतो आणि 'बॉस्' म्हणून थांबतो, कारण आपल्याला शेवटचा अ न म्हणायची सवय आहे. तिथे तो स्वर खरोखर म्हणायचा आहे. अगदी हलका, पण म्हणायचा.

इतिहासवाचक

विषयाला धरूनच विचारतो. हांगुल ही आपल्या ब्राह्मीवरून आली असं वाचलं आहे. मग स्वरांची ही काड्यांची रचना आपल्या मात्रांवरून घेतली असेल का?

भाषावेडा

मी उत्तर देतो, चालेल ना सईताई?

ब्राह्मीचा संबंध सांगतात तो व्यंजनांपुरता. अभ्यासक गॅरी लेडयार्ड यांनी मांडलं की काही मूळ व्यंजनाक्षरांचे आकार मंगोल काळातल्या फाग्स-पा लिपीवरून घेतले असावेत. फाग्स-पा तिबेटीवरून निघाली आणि तिबेटी भारतीय लिपींवरून. म्हणजे नातं असलं तरी दूरचं, आणि त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. स्वरांचं मात्र स्पष्ट आहे. हेर्येमध्येच लिहिलंय की ठिपका म्हणजे आकाश, आडवी रेघ म्हणजे पृथ्वी आणि उभी रेघ म्हणजे माणूस. आज आपण ज्याला काडी म्हणतोय तो मुळात गोल ठिपका होता. मात्रांशी त्याचा संबंध नाही.

तो ठिपका एकटाही एक स्वर होता. त्याचा आवाज मुख्य भूमीवर हळूहळू नाहीसा झाला आणि 1933 च्या शुद्धलेखन नियमांत अक्षरही गेलं. जेजू बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तो आवाज अजून टिकून आहे. आणि कोरियात सगळीकडे वापरलं जाणारं 'हांगुल' नावाचं संगणकावरचं लेखन सॉफ्टवेअर आहे, त्याच्या नावात तो जुना ठिपका अजूनही छापतात.

साम्य शोधायचंच असेल तर मराठी वाचकाला एक जवळचं आहे. कोरियनमध्ये स्वर एकटा लिहीत नाहीत, त्याच्याआधी एक मुका गोल लागतो. त्या गोलाला आवाज नाही, तो फक्त जागा धरतो. सावरकरांच्या लिपिशुद्धीतली अ ची बाराखडी आठवा: अि, अी, अु, अू, अे. तिथे अ हा धारक आणि स्वर मात्रेचा. मुका गोल अगदी तेच काम करतो. ज्यांच्या घरी त्या छपाईची जुनी पुस्तकं आहेत त्यांना हांगुलचा गोल एका मिनिटात समजेल.

इतिहासवाचक

भाषावेडा, धन्यवाद. अ च्या बाराखडीचा दाखला सुरेख.

भाषावेडा

अजून एक गोष्ट सांगतो, कारण ती शिकणाऱ्याला थेट कामाला येते. कोरियन स्वरांचे दोन गट आहेत, उजळ आणि गडद. काडी उजवीकडे किंवा वर असेल तर उजळ (आ, ओ). डावीकडे किंवा खाली असेल तर गडद (ऑ, उ). क्रियापदांची रूपं या गटांवरून ठरतात. 'घेणे, मिळणे' याचा धातू 'पात्', त्यात आ आहे, म्हणून 'पादायो'. 'खाणे' याचा धातू 'मॉक्', त्यात ऑ आहे, म्हणून 'मॉगॉयो'. म्हणजे डावी काडी नीट म्हणता आली नाही तर नुसता शब्दच नाही, व्याकरणही ऐकू येत नाही.

आणि अनुकरणवाचक शब्दांत तर हे फार देखणं आहे. लहान खडा पाण्यात पडला की 'फोंगदांग', मोठा धोंडा किंवा माणूस पडला की 'फुंगदॉंग'. बारीक चमक 'पान्च्चाक', मोठा लखलखाट 'पॉन्च्चॉक'. व्यंजनं तीच, स्वर उजळ तर छोटं आणि हलकं, स्वर गडद तर मोठं आणि जड. आपल्याकडे खळखळ आणि खुळखुळ यांत स्वर बदलला की चित्र बदलतं, पण कोरियनमध्ये हे शेकडो शब्दांत पद्धतशीर आहे. मी नवशिक्यांना या जोड्या मोठ्याने म्हणायला सांगतो. फोंगदांग-फुंगदॉंग म्हणताना चारही महत्त्वाचे स्वर होतात, ओ, आ, उ, ऑ.

गौरी_बुसान

नमस्कार, मी शिक्षणासाठी बुसानला आहे. इथे येणाऱ्यांना सावध करते: सईताईंनी शिकवलेले दोन अवघड स्वर इथल्या जुन्या लोकांच्या बोलीत एकच होतात! ग्यॉन्गसांग प्रांताच्या बोलीत आडवी रेघ आणि डावी काडी यांत फरक करत नाहीत. आमच्या खाणावळीच्या मावशी (इथे 'इमो' म्हणतात) 'जेवण' हा शब्द म्हणतात तेव्हा सुरुवातीला आडव्या रेघेऐवजी जवळजवळ 'ऑम्शिक' ऐकू येतं. माझ्या वयाची मुलं मात्र प्रमाण भाषेप्रमाणे वेगळं म्हणतात. त्यामुळे पुस्तकात शिकलेलं ऐकू आलं नाही तर गोंधळून जाऊ नका, प्रांत विचारा.

आणखी एक निरीक्षण, हे सोलच्या मैत्रिणींचं. त्यांचा 'ओ' मला कितीदा 'उ' ऐकू येतो. 'मी पण' याला 'नादो' शिकवलेलं, त्या म्हणतात 'नादु'. काकाला 'साम्छोन', त्या म्हणतात 'साम्छुन'. हे असंच आहे की मलाच तसं वाटतं?

सई_कर्वेनगर

गौरी, असंच आहे. सोलच्या बोलीत शेवटचा 'ओ' सर्रास 'उ' होतो, आणि जिथे होत नाही तिथेही कोरियन 'ओ' आपल्या 'ओ'पेक्षा वर असतो, ओठ जास्त पुढे काढलेले आणि जास्त आवळलेले. मराठी 'ओ' ऐसपैस आहे. म्हणून आपला 'ओ' त्यांना कधी कधी डावी काडी वाटतो आणि त्यांचा 'ओ' आपल्याला 'उ' वाटतो. उपाय: मेणबत्ती विझवताना ओठ जसे पुढे येतात तसे आणून 'ओ' म्हणा. ओ घट्ट झाला की ऑ आणि ओ यांच्यात आपोआप अंतर पडतं. डावी काडी जमत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कित्येकांचा खरा अडथळा सैल 'ओ' हाच असतो.

बोलीचं तू सांगितलंस ते फार बरं केलंस. माझा अनुभव असा की पहिली सहा-आठ महिने एकाच बोलीचं ऐकावं, नंतर सगळं ऐकावं.

मिरजकर

मला छळतोय तो आडव्या रेघेला उभी रेघ जोडलेला स्वर. एका ठिकाणी एक ऐकू येतं, दुसऱ्या ठिकाणी दुसरंच. नियम आहे का काही?

भाषावेडा

आहे, आणि चांगला सरळ आहे. शब्दाच्या सुरुवातीला असेल तर दोन्ही म्हणायचे: आडवी रेघ आणि लगेच ई, एका झटक्यात. डॉक्टरला 'उइसा'सारखं काही म्हणतात, पण ओठ गोल न करता. व्यंजनाला जोडून आला तर नुसता ई: 'आशा' लिहिताना हा स्वर आहे, पण उच्चार 'हिमांग'. शब्दाच्या मधे किंवा शेवटी सुटा आला तर ई म्हटलेला चालतो: बैठक, 'ह्वे-ई'. आणि 'चा, ची, चे' या अर्थाचा प्रत्यय म्हणून आला तर बोलताना 'ए': 'माझा' म्हणजे 'ना-ए'.

कोरियन शाळांत यासाठी एक ठरलेलं उदाहरण देतात, 'लोकशाहीचं महत्त्व'. त्यात हे अक्षर लागोपाठ चार वेळा येतं: लोकशाहीच्या शेवटी, मग प्रत्यय म्हणून, मग 'महत्त्व' शब्दात दोनदा. उच्चार होतो साधारण 'मिन्जुजु-ई-ए उइ-ई'. लिहिताना चारही सारखे, म्हणताना तीन वेगळे. हे एक वाक्य पाठ केलं की नियम पाठ करावा लागत नाही.

मिरजकर

वा! हे पाठ करतो. अनेक आभार.

पारिजात_९

'व' असलेल्या जोडस्वरांचंही सांगाल का? तीन वेगवेगळी अक्षरं 'वे'सारखीच ऐकू येतात.

सई_कर्वेनगर

पारिजात, तिन्ही आज 'वे'च आहेत. त्यातला एक, ओ ला उभी रेघ जोडलेला, पुस्तकी नियमाप्रमाणे ओठ गोल ठेवून म्हटलेला 'ए' आहे, पण त्याच नियमांत तो 'वे' म्हटला तरी चालेल असंही दिलंय, आणि बहुतेक लोक तेच करतात. परदेश 'वेगुक', का? 'वे?'. स्पेलिंग मात्र शब्दागणिक लक्षात ठेवावं लागतं, आणि इथे कोरियन लोकसुद्धा अडतात. 'होणे' या क्रियापदाची दोन रूपं उच्चाराने सारखी आणि लिहायला वेगळी, त्यावरून तिथे शाळेपासून ऑफिसपर्यंत चुका होतात. त्यांची युक्ती अशी: त्या जागी 'करणे'चं 'हा' बसतं का 'हे' ते म्हणून बघायचं. 'हा' बसलं तर एक स्पेलिंग, 'हे' बसलं तर दुसरं. तुम्हीही हीच वापरा.

बाकीचे जोडस्वर सोपे: वा, वॉ, वी. 'वॉ'ला डावी काडी आहे, म्हणजे व साठी ओठ गोल करून लगेच सोडायचे.

दत्ता_शिरूर

सईताई, ऱ्हस्व-दीर्घाचं काय? आमचे एक वयस्कर कोरियन सल्लागार म्हणतात की डोळा 'नुन' आणि बर्फ 'नूऽन' वेगळे. तरुण साहेबांना विचारलं तर ते म्हणतात सारखेच.

सई_कर्वेनगर

दोघंही आपापल्या वयाप्रमाणे बरोबर. नियमात फरक आहे: डोळा आखूड, हिम लांब. घोडा 'माल' आखूड, बोलणं 'मालऽ' लांब. रात्र 'पाम' आखूड, चेस्टनट 'पामऽ' लांब. जुनी माणसं पाळतात, सोलच्या तरुणांच्या बोलण्यातून तो गेल्यात जमा आहे. लिपीत तर ऱ्हस्व-दीर्घासाठी वेगळं चिन्हच नाही. नवशिक्यांनी यावर अजिबात वेळ घालवू नये. तो वेळ दोन अवघड स्वरांना द्या.

सरावाबद्दल बरेच जण विचारतायत, म्हणून सांगते. आधी फक्त स्वरांचे बनलेले शब्द घ्या, व्यंजनाची लुडबुड नको: आई (मूल), ओई (काकडी), उयू (दूध), यॉउ (कोल्हा), इयू (कारण). यात 'यॉउ' सगळ्यात चांगला, ओठ सैल आणि लगेच गोल. मग जोड्या. ओ आणि डाव्या काडीसाठी: सोन (हात) आणि सॉन (रेघ), पोम (वसंत) आणि पॉम (वाघ), कोम (अस्वल) आणि कॉम (तलवार). उ आणि आडव्या रेघेसाठी: 'कुल' म्हणजे कालव, त्यातले ओठ सोडले की 'लेखन', हांगुलमधला तोच गुल. 'तुल' म्हणजे दोन, ओठ सोडले की शेत, माळ.

फोनचा समोरचा कॅमेरा लावून फक्त तोंडाचा व्हिडिओ घ्या आणि आवाज बंद करून बघा. 'सोन' कुठला आणि 'सॉन' कुठला हे नुसत्या चित्रावरून ओळखता आलं पाहिजे. नाही आलं तर कान काहीही सांगोत, ओठ अजून मराठीच बोलतायत. मग आवाज चालू करून मूळ कोरियन ध्वनिफितीशी ताडून बघा. वर्गात मी दोघांदोघांना समोरासमोर बसवते. एकाने आवाज न काढता शब्द म्हणायचा, दुसऱ्याने ओळखायचा.

जांभळी_आर्या

ताई, आत्ता आईबरोबर करून बघितलं. 'सोन-सॉन' तिने लगेच ओळखलं. 'कुल'ची जोडी नाही ओळखली, तिला दोन्ही वेळा 'कुल'च वाटलं.

सई_कर्वेनगर

म्हणजे आडव्या रेघेला तुझे ओठ अजून थोडे पुढे येतायत. बोटांनी कोपरे ओढून म्हण, मग बोटं काढून म्हण, आणि आईला परत बघायला सांग. दात जवळ ठेव, जबडा उघडू नकोस. 'ल'वर जायची घाई करू नकोस, आधी 'क' आणि रेघ एवढंच लांबव.